पापडांचा पंचनामा

पोलीस ठाण्याच्या आवारात पापड वाळत घालून त्यांचा पंचनामा करणारा अधिकारी जिल्ह्यात माझ्याआधी कोणी झाला नसावा. नंतरही झाल्याचं ऐकिवात नाही. नोकरीत खुनाचे आणि दरोड्यांचे तपास मीही केले. पण कोणी जुन्या गोष्टी काढल्या की मला आधी ते पापडच आठवतात. माणसांची नावं सांगणार नाही. त्यांची मुलंबाळं अजून त्याच भागात आहेत, आणि मलाही पेणच्या बाजारात मान वर करून फिरायचं आहे.

मी तेव्हा पेणला फौजदार होतो. पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात. पण पेणच्या पोह्यांच्या पापडांवर किती घरं चालत होती ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. धंद्याची रीत अशी होती. मालकाच्या शेडमध्ये पोह्यांचं पीठ भिजवून, कुटून गोळा तयार व्हायचा. तो टेम्पोने गावोगाव जायचा. बायका घरी पापड लाटायच्या, वाळवायच्या, आणि तोच टेम्पो सुके पापड गोळा करून पेणला आणायचा. गोळा देतानाही वजन आणि पापड घेतानाही वजन. बायकांना मजुरी मिळायची ती गोळ्याच्या वजनावर. मालकाचा हिशेब ठरलेला होता: ओला गोळा दहा किलो दिला की सुके पापड सहा किलो परत आले पाहिजेत. म्हणजे घट शेकडा चाळीस.

अशाच एका शेडचे मालक एका सकाळी फिर्याद घेऊन ठाण्यात आले. त्यांचं म्हणणं असं की, कोलाडला हमरस्त्यावरच्या दोन हॉटेलांत त्यांचेच पापड त्यांच्यापेक्षा स्वस्तात मिळतात. मसाला त्यांचा, जाडी त्यांची, पण माल त्यांनी विकलेला नाही. मी विचारलं, तुमच्याकडे तूट किती आली? ते म्हणाले, तूट अजिबात नाही, दहाला सहा चोख परत येतात.

"मग चोरीला काय गेलं?" मी विचारलं.

"ते तुम्ही शोधायचं, साहेब. चोर मी शोधून ठेवलाय."

त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पापड काढला. पेणकडे बायका रेघांच्या लाटण्याने पापड लाटतात, त्यामुळे पापडावर बारीक रेघा उठतात. या पापडावर एके ठिकाणी रेघ तुटलेली होती. असं एक रेघ झिजलेलं लाटणं कासूजवळच्या एका गावातल्या बाईंचं होतं, आणि शेडमध्ये पापड निवडणाऱ्या सगळ्यांना ते माहीत होतं. बाई त्या गावातल्या लाटणाऱ्या बायकांच्या म्होरक्या होत्या. मालक आदल्या दिवशीच गावात जाऊन, देवळापुढे चारचौघांत त्यांना चोर म्हणून आले होते. सगळ्या गावाचा गोळाही त्यांनी बंद केला होता.

बाईंना बोलावणं धाडलं. त्या काळी आमच्या ठाण्यात महिला पोलीस नव्हती, म्हणून जावेला सोबत घेऊन या असा निरोप दिला. दोघी आल्या. बाई पन्नाशीच्या, खार जमिनीत भातशेती करून उरलेल्या वेळात पापड लाटणाऱ्या. मी त्यांना कोठडीच्या बाजूला नेलं नाही, व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि पापड हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला.

"माजाच हाय," त्या म्हणाल्या. "ही रेघ बघा ना, तुटलेली."

आमच्या हवालदारांनी कबुली मिळाल्यासारखी मान डोलावली आणि पेन उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"लाटलाय मी. इकला नाय. लिवताना दोनी गोष्टी लिवा."

मला ती बाई तिथेच आवडली. खोटं बोलणारा माणूस पहिल्यांदा वस्तूच नाकारतो. पापड माझा नाही म्हणायला त्यांना काय जड होतं? पण आवडण्यावर तपास चालत नाही. पुरावा होता तो त्यांच्या लाटण्याचा. मी विचारलं, पापड देता कसे? त्या म्हणाल्या, शेडचा मुकादम टेम्पो घेऊन येतो, ताणकाट्याला पिशवी अडकवतो, काटा स्वतःकडे फिरवून बघतो आणि बरोबर हाय म्हणतो. वजन किती भरलं ते तो सांगत नाही, आणि मजुरी गोळ्यावर असल्यामुळे कोणी विचारतही नाही. वाळले तेवढे सगळे पापड द्यायचे, एवढंच बायकांना ठाऊक.

जाताना जाऊ रडायला लागली. बाईंनी तिला गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "साहेब, कामाचं काय नाय, दुसरं बघू. पन एकदा चोर म्हनून ठान्यात नेली का, मग सुटून आली तरी लोक बोलतात, ती नेलेली. माजं नाव मना परत पायजे." मी म्हटलं, बघतो. पोलिसाच्या तोंडी या शब्दाची किंमत काय असते ते त्यांनाही माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा हजर. एव्हाना त्यांनी वरून एक फोनही करवला होता: किरकोळ बाई आहे, जरा दटावा, कबूल करेल. अशा फोनचा माझ्यावर उलटाच परिणाम होतो. मी चहा मागवला आणि सहज विचारलं, की घट शेकडा चाळीस हे कशावरून ठरवलं?

इथे एक सांगायला हवं. शेकडेवारी आली की मी जरा खोडसाळ होतो. शाळेत आमचे गुरुजी फळ्यावर टक्के लिहायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, कशाचे? उत्तर आलं नाही की बाकावर उभं करायचे. पुढे खात्यात रोज कोणी ना कोणी टक्के तोंडावर फेकायचं. एकदा एका ठाण्याने गुन्ह्यांत पन्नास टक्के घट म्हणून पाठ थोपटून घेतली. पाहिलं तर सायकलचोऱ्या दोनावरून एकावर आल्या होत्या. तेव्हापासून टक्के ऐकले की मी गुरुजींचाच प्रश्न विचारतो.

मालक म्हणाले, "सरळ आहे. शंभर किलो पिठाला आम्ही चाळीस लिटर पाणी घालतो. वाळताना पाणी उडतं. म्हणजे चाळीस टक्के घट."

"गोळा किती किलो होतो?"

"एकशेचाळीस."

"त्या एकशेचाळीसवर तुम्ही चाळीस टक्के घट धरता. मग पापड किती मिळतात?"

त्यांना हिशेब तोंडपाठ होता. "चौऱ्याऐंशी किलो."

"पीठच शंभर किलो घातलंत ना? पाणी सगळं उडालं तरी शंभर उरायला पाहिजेत. मग वरचं सोळा किलो पीठही उन्हात उडतं काय?"

मालकांनी कप खाली ठेवला. थोडं सांडतं म्हणाले, थोडं पाटाला चिकटतं, कोंबड्या खातात. मी म्हटलं, शंभराला सोळा किलो खाणाऱ्या कोंबड्या मला दाखवा, त्यांनाच अटक करतो. मग टेबलावरचा कागद ओढून त्यांना समजावलं. पाणी पिठाच्या शेकडा चाळीस आहे, गोळ्याच्या नाही. गोळ्याच्या मानाने ते शंभराला अठ्ठावीस-एकोणतीसच पडतं. म्हणजे दहा किलो गोळ्याचे पापड सात किलोच्या थोडे वर भरायला हवेत. तुम्हाला मिळतात सहा. दर दहा किलोमागे मधला किलोभर रोज कुठेतरी जातो आहे, आणि तुम्हीच त्याला घट असं नाव दिलं आहे.

हा चाळीसचा हिशेब मुळात कोणी सांगितला, असं मी विचारलं. वडील गेल्यावर धंदा अंगावर पडला, तेव्हा मुकादमानेच सांगितला होता.

पण कोर्ट कागदावरची आकडेमोड ऐकत नाही, त्याला डोळ्यांनी पाहिलेलं लागतं. म्हणून मी प्रयोग करायचं ठरवलं. रेशन दुकानातून तराजू आणि शिक्क्याची वजनं आणली. शेडमधून पंचांसमक्ष दहा किलो गोळा मोजून घेतला. त्या बाई आणि दुसऱ्या दोन गावांतल्या दोघी, अशा तिघींना ठाण्यात पाट-लाटणी घेऊन बोलावलं. रोजनाम्यात नोंद काय करावी म्हणून हवालदार पेचात पडले. मी म्हटलं, जे घडतंय तेच लिहा. बाईंनी बसण्याआधी एकच विचारलं, "याची मजुरी मिलंल ना, साहेब?" मालक मान खाली घालून हो म्हणाले.

पापड आवारात वाळत पडले. आरोपी आणायला गेलेले शिपाई परत येऊन बघतात तर हवालदार काठी घेऊन कावळे हाकताहेत. ठाण्यात कामासाठी येणारे लोक दारातच थबकायचे. पण पापड खडखडीत वाळल्यावर पंचांनी तराजूत टाकले आणि सगळ्यांची थट्टा थांबली. सात किलोची वजनं टाकूनही पापडांचं पारडं किंचित खालीच होतं. पुन्हा कडक ऊन दाखवलं, तरी वजन जवळपास तेवढंच राहिलं. बाईंना मी सांगितलं, की तुमच्या घरातून निघालेला माल पुरा आहे. त्या म्हणाल्या, "ते मना ठावं हाय. त्यांना सांगा."

आता किलोभर माल जातो कुठे एवढंच उरलं होतं. वडखळच्या नाक्यापासून कासूच्या फाट्यापर्यंत रस्त्यावर काय चालतं हे जाणणारा माझा एक खबऱ्या होता, पंक्चर काढणारा. त्याला विचारल्यावर तो हसला. पापडांचा टेम्पो पेणला जायच्या आधी फाट्यावर थांबतो, मुकादम एक पोतं उतरवतो आणि रोह्याच्या एस.टी.च्या टपावर चढवतो, हे तो रोज बघत होता. मग आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही पापडाचं कधी विचारलंच नाय.

रोहा ठाण्यातल्या माझ्या सहकाऱ्याला कळवलं. त्यांनी एस.टी. स्टँडवर साध्या वेषातले दोन शिपाई उभे केले. पोतं उतरवून घ्यायला आला तो मुकादमाचा मेहुणा. तिथून माल कोलाडच्या हॉटेलांत जात होता. पोत्यात निरनिराळ्या गावांचे पापड होते, आणि त्यांत तुटक्या रेघेचेही होते.

मुकादमाला मी समोर बसवलं. पंचविशीपासून त्या शेडमध्ये राबलेला, मितभाषी माणूस. आधी म्हणाला, पापड दमट असतात, टेम्पोत वाळतात. मी त्याला पंचनामा वाचून दाखवला. त्यावर तो जे बोलला ते मला अजून शब्दशः आठवतं.

"साहेब, मालकाचं गेलं काय? त्याला सा पायजे व्हते, सा दिलं. कधी कमी दिलं नाय. बायांना मजुरी पुरी मिलाली. मग मी चोरलं कुनाचं?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. ज्या मालाची आठवण कोणालाच नाही तो आपला, असं त्याचं गणित. मी म्हटलं, बाईला देवळापुढे चोर म्हटलं तेव्हा तू टेम्पोजवळच उभा होतास ना?  त्यावर मात्र तो जबाब द्यायला तयार झाला. विश्वासघाताचा गुन्हा नोंदवून मी त्याला आणि मेहुण्याला कोर्टापुढे उभं केलं.

मालकांच्या दृष्टीने प्रकरण संपलं. गावात पुन्हा गोळा जाऊ लागेल, झालं गेलं विसरून जायचं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, एक काम राहिलंय, चला. त्यांना जीपमध्ये घालून मी त्या गावात नेलं. कायद्याच्या कोणत्याही कलमात हे बसत नव्हतं आणि त्यांनी तसं म्हटलं असतं तर मला काही करता आलं नसतं. पण ते आले. देवळापुढे माणसं जमली. मालकांनी खालच्या आवाजात सांगितलं, की चोरी मुकादमाची निघाली, बाईंचा काही दोष नव्हता, माझी चूक झाली. सांगून ते वळले, तशा बाई पुढे झाल्या.

"मागच्यांना ऐकू नाय आलं, मालक. तवा चोर बोललात ते पार खाडीपत्तोर ऐकू गेलं व्हतं."

मालक पुन्हा बोलले, या वेळी मोठ्याने. बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घरी गेल्या. मला त्या दिवशी आपण पोलीस झालो याचं बरं वाटलं.

वर्षा-दोन वर्षांनी माझी बदली रोह्याला झाली. एकदा कासूच्या फाट्यावर जीप थांबली असताना मी कोणालातरी त्या बाईंची खुशाली विचारली. बऱ्या आहेत, लाटणं चालू आहे, असं तो म्हणाला. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुण बाईने त्याला हळूच विचारलं, "कोन ती? ती पोलिसांनी नेलेली?"

शंभरातून चाळीस टक्के गेले की साठ उरतात. नंतर त्या साठावर पुन्हा चाळीस टक्के घातले, तरी चौऱ्याऐंशीच होतात. एवढं गणित पाचवीतल्या पोरालाही येतं. गेलेलं नाव परत दिलं तरी तसंच कमी भरतं, हे मला त्या फाट्यावर समजलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कोणाला चौकशीला आणायचं असलं की मी आधी स्वतः साध्या कपड्यांत त्याच्या घरी जात असे.