बाजेवरून दिसणारा रस्ता

उंद्री गावातल्या आमच्या घरावर स्लॅब टाकून वर एक खोली चढवायचं ठरलं तेव्हा नवरा मस्कतला होता आणि मी खामगावात. दोघांचं काम एकच, इमारतींची ड्रॉइंग करण्याचं. तो तिकडे एका कंपनीत हॉटेलांची करतो, मी इथे एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दवाखान्यांची, दुकानांची, कुणाच्या बंगल्यावर चढणाऱ्या मजल्याची. पॉलिटेक्निकला आम्ही एका वर्गात होतो, म्हणून आमच्यात अरेतुरे चालतं. सासूबाईंसमोर मात्र मी त्याला 'तुम्ही' म्हणते, आणि तो भिंतीकडे तोंड करून हसतो. हसायचा, असं म्हणायला हवं. फोनवर ते दिसत नाही.

"आपल्या घराचं ड्रॉइंग दुसऱ्या कोणाले कायले द्यायचं?" तो म्हणाला. "आपण दोघं करू. एकाच फाइलमधी."

अशी फाइल इंटरनेटवर असते. तो तिकडून उघडतो, मी इकडून. ज्या भिंतीवर त्याचं काम चालू असेल तिला मला हात लावता येत नाही, आणि तिच्यावर माउसचा बाण नेला की त्याचं नाव उमटतं. लग्नानंतर आम्ही एका छपराखाली जेमतेम एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहिलो होतो. म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर त्याचं नाव दिसलं की मी हातातलं काम थांबवून नुसती बघत बसायची. तो आत्ता आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी होता. थोड्या वेळाने नाव मागच्या खिडकीवर जायचं. मग कुठेच नसायचं.

जुन्या घराच्या कामात प्रत्येक भिंतीला, दाराला, खिडकीला सांगून ठेवावं लागतं की तू आहेस ती, तू पाडायची, की तू नवी. आहे ते काळ्या रेघांत दिसतं, पाडायचं ते पिवळ्या तुटक रेघांत, नवं लाल. एक बटण दाबलं की आजचं घर दिसतं, दुसरं दाबलं की पुढचं. आजचं घर त्याने आधीच काढून ठेवलं होतं, आठवणीतून. पॉलिटेक्निकात पहिल्या वर्षी सगळ्यांनी आपापलं घर मोजून काढलं होतं, ती मापं त्याला अजून पाठ होती. पुढे ओसरी, मग मधली खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे लिंबाचं झाड. ओसरी आणि मधल्या खोलीमधल्या भिंतीशेजारी त्याने लिहिलं होतं, 'ही ठेवायची. हिला लागून माझं टेबल.' परत आल्यावर घरूनच काम करायचं, असं त्याच्या मनात होतं.

ती भिंत घरात नव्हती.

सासरे एसटीत ड्रायव्हर होते. चिखली-खामगाव रस्त्यावर त्यांची उमर गेली, आणि आमचं घरही त्याच रस्त्याला लागून. पाय गेल्यावर ते मधल्या खोलीत बाजेवर पडून असायचे. बाहेर हॉर्न वाजला की मान उचलायचे, कोणती गाडी ते विचारायचे. शेवटच्या महिन्यांत एक दिवस म्हणाले, "मले रस्ता दिसू द्या." दारातून बाज काही निघेना, आणि त्यांना उचलून हलवलं की ते कळवळायचे. सासूबाईंनी सरळ गवंड्याला बोलावलं. साडेचार इंची भिंत, छपराचा भार तिच्यावर नव्हता. दुपारच्या आत ती खाली आली. मी नेहमीसारखी शनिवारी खामगावहून पोचले तर घर धुळीने पांढरं झालेलं, आणि सासरे उशीला टेकून समोरून जाणारी गाडी बघत होते. त्यांच्या भुवयांवरही धूळ होती. त्यांनीच मला बजावलं, "त्याले हे सांगू नको. नोकरी सोडून येईन तो." तो फोन करायचा तेव्हा ते आवाज चढवून बोलायचे, म्हणजे बरं वाटतंय असं त्याला वाटावं. ते गेले तेव्हा त्याला सुटी मिळाली नाही. बुद्धविहारापाशी जमलेल्या गर्दीत कुणीतरी फोन उंच धरला, तेवढंच त्याने पाहिलं.

एका रविवारी मी टेप घेऊन सगळं घर मोजलं आणि सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुटीत फाइल उघडली. ती भिंत 'आहे' म्हणून ठेवता येत नव्हती. 'पाडायची' म्हणूनही नाही, कारण पाडून झाली होती. मी ती पुसून टाकली. डबा उघडेपर्यंत फोन वाजला.

"मधली भिंत काऊन काढली तू? मी ठेवायची म्हणून लिहिलं होतं."

"ती भिंत नाही रे घरात."

"नाही म्हणजे?"

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. गवंडी, धूळ, बाज, हॉर्न. त्याच्या मागे कुणीतरी इंग्रजीत मोठ्याने बोलत होतं, यंत्र घरघरत होतं. शेवटी तो म्हणाला, "बाबा मले म्हणे, लय झोप येते आजकाल, आराम आहे." आणि फोन ठेवला.

दोन-तीन दिवस फाइलमध्ये त्याचं नाव कुठेच दिसलं नाही. गुरुवारी त्याचा मेसेज आला, 'उद्या उंद्रीले जाशील का? लॅपटॉप घेऊन जाजो.' शुक्रवारी त्याला सुटी असते. मी रजा टाकली.

मी ओसरीत बसले, फोन कानाशी. फाइल उघडली तर मोकळ्या झालेल्या जागेत त्याने एक बाज काढून ठेवली होती.

"अशीच होती का?"

"नाही. डोकं स्वयंपाकघराकडे होतं."

त्याने बाज फिरवली. माझ्यासमोर ती चौकोनी आकृती गर्रकन वळली.

"आता?"

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "त्याले म्हणा, थोडी मागं घे. पायथ्याशी मी बसत होतो, तेवढी जागा ठेव."

त्याने ऐकलं. बाज मागे सरकली.

मग त्याने बाजेवर निजलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर जसं दिसेल तसं उघडलं. ओसरीचे दोन खांब दिसले, मधून रिकामं पांढरं. "रस्ताच नाही इथं," तो म्हणाला. "मले रस्त्याचं माप दे."

ड्रॉइंगसाठी रस्त्याची काही गरज नव्हती. मला ते माहीत होतं, त्यालाही होतं. मी टेपचं एक टोक सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते ओसरीच्या पायरीशी पायाखाली दाबून धरलं आणि मी डांबराच्या कडेपर्यंत गेले. मग पलीकडच्या पानटपरीपर्यंत, बाभळीपर्यंत. येणारेजाणारे थांबून बघत होते. एका शेजारणीने विचारलं, "काय वं, रोड रुंद होऊन राह्यला का?" सासूबाई म्हणाल्या, "नाही. पोराले पाह्याचा आहे."

मी एकेक माप सांगत गेले, तो काढत गेला. रस्ता आला, टपरीचा ठोकळा आला, प्रोग्रॅममधल्या तयार झाडांमधून शोधून त्याने बाभळीसारखं एक झाड उभं केलं. मग बराच वेळ काही हललं नाही. मी हळूच विचारलं, "आहेस ना?"

"हाव," तो म्हणाला. "पाहून राह्यलो."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "बावा, तुह्या बापाले त्रास नाही झाला लय," त्या म्हणाल्या. "गाड्या मोजत होता. रडू नको." मग ओसरीच्या टोकाला जाऊन एकट्याच त्याच्याशी काय काय बोलत राहिल्या. मी लॅपटॉपजवळ बसून होते. त्याच्या रडण्याजवळ आपण नाही, हे मला त्या दिवशी जेवढं लागलं तेवढं तो विमानात बसला तेव्हाही लागलं नव्हतं.

भिंत नव्याने बांधायची का, हे मी सासूबाईंनाच विचारलं. "राहू द्या मोकळं," त्या म्हणाल्या. "हवा येते." मग ड्रॉइंगमध्ये तिथे वरून बीम घेतला, आणि त्याचं टेबल वरच्या नव्या खोलीत गेलं.

स्लॅबच्या वेळी त्याला येता आलं नाही. नंतर आला, थोड्या दिवसांसाठी. पिशव्या खाली ठेवून त्याने घरामागून बाज आणली, सासूबाईंनी सांगितली तशी लावली आणि बुटासकट आडवा झाला. सासूबाई पायथ्याशी बसल्या. खामगावकडची गाडी गेली, मग एक ट्रॅक्टर.

"मी काढलं होतं त्याच्यापेक्षा जास्त दिसते," तो म्हणाला. "पार पुलापर्यंत दिसते."

त्या सुटीत आम्ही दोघं वरच्या खोलीत झोपायचो. प्लास्टरचा ओला वास होता, दारं बसवायची राहिली होती. तो परत गेला, करार अजून संपायचा आहे. शनिवारी मी खामगावहून येते. वरच्या खोलीत त्याचं टेबल आलंय, त्यावर सध्या सासूबाईंच्या तुरीच्या डाळीची परात असते. रविवारी सकाळी मी ती उचलून खाली ठेवते आणि माझं काम घेऊन तिथे बसते. खिडकी रस्त्याच्या बाजूला काढली आहे, ती त्याची निवड. गाडी थांबल्याचा आवाज आला की मी बघते कोण उतरलं.