विहिरीवरचं रंधा मशीन

माझ्या मालकीचं एक रंधा मशीन आहे आणि ते माझ्या मेहुण्याच्या विहिरीवर राहतं. ते तिकडे आणि मी हिंगोलीत, यातच घराचं भलं आहे, असं आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत आहे. मी त्या मताचा आदर करतो. (करावाच लागतो.)

सगळी नोकरी मी कागदांना टाचण्या लावण्यात घालवली. त्यामुळे रिटायर झाल्यावर काहीतरी ठोस, लाकडाचं, ठोकता येईल असं करावं ही इच्छा उसळून आली. घरामागच्या पत्र्याच्या शेडला मी ‘वर्कशॉप’ म्हणू लागलो. नलू, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, तिला ‘तुमची खोपी’ म्हणतात. या खोपीतून पहिल्यांदा बाहेर पडले ते जेवायला बसायचे दोन पाट. दिसायला देखणे होते. पण बसलं की डावीकडे कलायचे आणि घास घ्यायला वाकलं की उजवीकडे! आमचे व्याही मोठ्या मानाने त्यावर बसले आणि वाटीतल्या वरणासकट आडवे झाले.

“पाट हाय का झोका?” नलू म्हणाली. “बसून जेवलं की पोटात ढवळून येते.”

दोन्ही पाट माळ्यावर गेले. घरात आणि नातेवाइकांत माझं नाव झालं ते असं. माझ्या हाताखालून गेलेली वस्तू वाकडीच असणार, हे सगळ्यांनी धरूनच चालायला सुरुवात केली. त्यात आमची मुलगी सुषमा बाळंतपणाला आली आणि म्हणाली, “बाबा, पाळणा इकतचा नका आणू. तुमी करा.”

(मी घरात फार लुडबूड करू नये म्हणून तिने हे काम काढलं, अशी मला नंतर शंका आली. तेव्हा मात्र डोळे भरून आले होते.)

लाकडाचा प्रश्न नलूने सोडवला. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेला सागवानी पलंग होता, पाय मोडलेला. सुषमा तान्ही असताना त्याच पलंगावर खेळली. त्या फळ्या नलूने स्वतः पुसून माझ्यासमोर मांडल्या.

“माझ्या बापाची आठवण हाय ही,” ती म्हणाली. “ह्याचा पाळणा झाला तर त्या आठवणीचं सोनं होईल. पण एक जरी फळी वाया घातली, तर घरी येऊ नका. दिगूच्या विहिरीवरच राहा.”

दिगू म्हणजे तिचा धाकटा भाऊ दिगंबर. पुसेगावला शेती करतो.

आता एवढ्या मोलाच्या फळ्या हातरंध्याने घासायची माझी छाती होईना. तेवढ्यात कळलं की नरसीला एका मिस्त्रीने कारखाना बंद करून पेढ्यांचं दुकान टाकलंय आणि त्याचं जुनं रंधा मशीन विकायला आहे. मी लगेच गेलो. मिस्त्रीने एक ओबडधोबड फळी मशीनच्या एका बाजूने आत सरकवली, ती दुसऱ्या बाजूने आरशासारखी बाहेर आली. मी त्या फळीवरून गाल फिरवला.

“साहेब, हे मशीन वाकडं ठेवतच न्हाई काही,” मिस्त्री म्हणाला.

हे वाक्य ऐकून मी पुढचं काहीच विचारलं नाही. ते पुढचं मला घरी आल्यावर वायरमनने सांगितलं. त्याआधी टेम्पोतून मशीन उतरवायला अर्धी गल्ली लागली होती, शेजारच्या काकूंची तुळस आडवी झाली होती आणि नलूने नाइलाजाने मशीनला हळदकुंकू वाहिलं होतं. वायरमनने मशीनच्या मागे वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“काका, हे थ्री फेजचं हाय. तुमच्या घरात सिंगल फेज.”

“मग हळू चालेल का?”

“न्हाई. चालणारच न्हाई.”

“थोडंसुद्धा?”

वायरमनने पान्हा पिशवीत घातला. नलू दारात उभी होती. दोन दिवस तिने त्या मशीनवर सांडगे वाळत घातले.

त्याच सुमारास सुषमाला मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला, पाहुण्यांना फोन गेले, आणि आजोबा स्वतःच्या हाताने पाळणा करून राहिलेत ही बातमी सुषमाने सासरी अभिमानाने कळवली. पाळणा अजून पलंगच होता. थ्री फेज कुठे मिळणार? शेतात, पाण्याच्या मोटरीला! मी दिगंबरला फोन लावला.

“या की दाजी,” तो म्हणाला. “मशीनबी आणा. पण आधी माझ्या हळदीला पाणी, मग तुमची लाकडं.”

परत टेम्पो, परत अर्धी गल्ली. (या खेपेला काकूंनी तुळस आधीच घरात घेतली.) विहिरीवर दिगंबरने मोटर सोडवून त्या जागी मशीन जोडलं. बटण दाबल्याबरोबर मशीनने आत घातलेली फळी माझ्याच पोटावर परत फेकली.

“उलटं फिरून राहिलं दाजी,” दिगंबर शांतपणे म्हणाला. त्याने दोन वायरींची अदलाबदल केली आणि मशीन सुलटं फिरू लागलं. हळदीला पाणी देऊन झालं की उरलेल्या लायटीत मी फळ्या घालायचो. खरं सांगतो, फळ्या अशा निघाल्या की नलूच्या वडिलांनीही पाठ थोपटली असती. माझ्या हातून काहीतरी सरळ होत होतं आणि मी हरखून गेलो होतो.

शेवटी उरल्या त्या पाळण्याच्या खालच्या दोन पट्ट्या. ज्यांच्यावर पाळणा डोलतो, त्या. त्यांना खालून छान गोलाई लागते. ती गोलाई मी करवतीने आणि कानशीने, हाताला फोड येईपर्यंत, स्वतः आणली होती. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. त्या पट्ट्या मी मशीनशेजारी ठेवल्या, तेवढ्यात लाईट गेली. दिगंबरच्या बायकोने भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत आणलं होतं. जेवलो आणि लिंबाखाली जरा लवंडलो. एवढीच माझी चूक.

जाग आली ती मशीनच्या आवाजाने. लाईट आली होती आणि दिगंबर घामाघूम होऊन मशीनमागे उभा होता.

“उठले का दाजी? म्हणलं झोपू द्यावं, लई दमले. तुमचं राहिलेलं काम म्या करून टाकलं.”

“कोणतं काम?”

त्याने त्या दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या. दोन्ही फूटपट्टीसारख्या सरळ. गोलाईचा मागमूस नव्हता.

“खालून लई वाकड्या होत्या,” तो म्हणाला. “पाच-सहा डाव घातल्या तवा कुठं बराबर झाल्या.”

“अरे, त्या वाकड्याच पाहिजे होत्या!”

दिगंबरचा चेहरा उतरला. “आता मला काय ठाव? तुमी केलेलं म्हणलं की वाकडं असणारच. काहून वाकडं हाय, हे कुणी इचारते का?”

दुसरं सागवान नव्हतं आणि वेळही नव्हता. आम्ही दोघांनी गुपचूप पाळणा जोडला आणि जीपमध्ये घालून घरी आणला. नलूने फळ्यांवरून हात फिरवला, तिचे डोळे पाणावले. मला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

बारशाला घर भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या. तान्हीने सकाळपासून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तिला पाळण्यात ठेवलं, बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि सुषमाच्या सासूबाईंनी दोरी ओढली. पाळणा हलला नाही. त्यांनी जोर लावला. दोरी हातात आली.

“मजबूत आहे,” मी म्हणालो. “लेकरू पडायची भीतीच नको.”

गाणं थांबलं. तान्ही तेवढी चालू राहिली. सुषमा माझ्याकडे बघत होती, तिने सासरी काय काय सांगून ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि मला खरोखर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नलूने वाकून पाळण्याखाली पाहिलं. मग माझ्याकडे, मग तिच्या भावाकडे. दिगंबर झेंडूची माळ नीट करू लागला. नलू आत गेली. मी मनातल्या मनात विहिरीवर राहायला जायची तयारी केली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही काखांत माळ्यावरचे ते दोन पाट होते.

“दिगू अन् तुमी, दोघं उचला पाळणा.”

तिने एक पाट डोक्याकडे ठेवला, एक पायांकडे. आम्ही पाळणा वर ठेवला. तिने एका बोटाने ढकललं. पाळणा डावीकडे कलला, मग उजवीकडे, मग परत डावीकडे, असा मऊ डोलू लागला की बघत राहावं. तान्ही गप्प झाली. बायकांचं गाणं परत सुरू झालं आणि दुसरं कडवं संपायच्या आत ती झोपली. नलू एक हात पाळण्यावर ठेवून तिथेच बसून राहिली.

“बापाचा पलंग वाया न्हाई गेला,” ती हळूच म्हणाली. एवढं बोलून तिने मला घरात राहू दिलं.

परवा शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आलेत. पाळणा त्यांनी दुकानातून आणलाय, पण तो नीट डोलत नाही. त्यांना माझ्याकडून दोन पाट करून हवेत, अगदी तसलेच. दिगंबर म्हणाला, “मशीन घेऊन येऊ का दाजी?” मी म्हटलं, राहू दे तिकडंच, तसलं वाकडं त्याला जमायचं नाही.