कप्तानाची घागर

धुळे आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी आमच्या थोरल्या साडूंइतका सगळ्यांना आवडणारा माणूस सापडायचा नाही, आणि हे वाक्य मी अत्यंत नाइलाजाने लिहितो आहे. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एरंडोलजवळच्या एका खेड्यात त्यांचा केळीचा बाग होता. सगळे त्यांना नाना म्हणत. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच कुठेतरी थांबलेलं, टोपी कायम उजव्या कानावर कललेली, आणि अंगणात पाऊल टाकायच्या आधी त्यांचं हसू आत पोचलेलं असायचं. मी धुळ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, वर्षातून दोनदा सासुरवाडीला धोतरजोडी आणि पेढे नेत होतो, सासऱ्यांच्या गुडघ्यासाठी तेलाच्या बाटल्याही मीच नेत होतो. तरी धरणगावच्या त्या घरात आम्ही दोघे जावई शेजारी बसलो, की सासूबाईंच्या हातची तुपाची वाटी आधी त्यांच्या पानाकडे वळायची. मला तूप मिळत नसे असं नाही. पण ते वाटीच्या तळातलं असे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा रविवारी सकाळी दूरदर्शनवर एक हिंदी मालिका लागायची. आकाशात भरकटलेलं एक यान, त्यात पाचसहा माणसं, आणि त्यांचा म्हातारा, पांढऱ्या दाढीचा कप्तान. मालिकेचं नाव भलं मोठं होतं, पण आमच्याकडे तिला नुसतं 'यान' म्हणत. आता, घरात विज्ञानाचा शिक्षक जावई असताना यानाविषयी कोणाला विचारावं? पण नाही. यानाचं सगळं खातं नानांकडे. नाना ती मालिका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बघायचे. का, तर सुरुवातीला कप्तान समोर बघून सलाम करतो, आणि मोठ्या माणसाचा सलाम बनियनवर घेणं बरं दिसत नाही. ते उठून उभे राहायचे, सलाम परत करायचे आणि मगच बसायचे. त्या अर्ध्या तासात व्होल्टेज पडून पडदा आखडू नये म्हणून ते आपल्या विहिरीवरची मोटार बंद करायचे. पुढे त्यांनी शेजारच्या मळेवाल्यांनाही पटवलं, आणि रविवारी सकाळी त्या सगळ्या शिवारातल्या मोटारी गप्प बसू लागल्या. चैत्रातल्या उन्हात केळीचं पाणी तोडणं म्हणजे काय, ते केळीवाल्यालाच विचारा. मी माझ्या वर्गातल्या मुलांना पाच मिनिटं गप्प बसवू शकत नव्हतो.

त्यांचं यानाविषयीचं ज्ञान शंभर टक्के चुकीचं होतं, हेही इथे सांगून ठेवतो. यानाचं इंजिन तापलं की ते म्हणायचे, "फाउंडेशन ढिलं शे, तेनामुळे हादरे बसतस." दर आठवड्याला ते एक भाकीत करायचे. हिरव्या तोंडाचा शत्रू मनाने चांगला आहे आणि शेवटी आपल्यात येईल, हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि पुढच्याच रविवारी त्या हिरव्याने यानाची अर्धी बाजू जाळून टाकली. कोणीही नानांना त्याबद्दल बोललं नाही. उलट माझी बायको म्हणाली, "भाऊजींना वाटलं होतं हो, चांगला असेल म्हणून." मी एकदा प्रकाशाचा वेग चुकून जास्त सांगितला होता, तर तो तिने माझ्या मेहुण्याच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवला.

नाना आणि त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, यांना मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, आणि नाना तर इतके आनंदी असायचे की बोलायची कोणाला आठवणही होत नसे.

तर त्या वर्षी जाहीर झालं की मालिकेचं पहिलं पर्व आखाजीच्या आदल्या रविवारी संपणार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशातला सगळ्यात मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पुरुष निंबाखाली पत्ते कुटतात आणि जावयांना मांडे आणि आमरस मिळतो. म्हणजे शेवटच्या भागाला सगळं गणगोत धरणगावात, आणि सासऱ्यांच्या घरी टीव्ही नाही. माझ्या डोक्यात वीज चमकली. माझ्याकडे चौदा इंची, काळापांढरा, उचलून न्यायचा टीव्ही होता. तो मी चादरीत गुंडाळला आणि धुळ्याहून एसटीत मांडीवर घेऊन निघालो. उन्हाने डबा तापलेला, मांड्यांना चटके बसत होते, कंडक्टर म्हणाला सामान टपावर टाका, मी म्हटलं जीव गेला तरी टाकणार नाही. वाटेभर मला एकच चित्र दिसत होतं. आबा, म्हणजे आमचे सासरे, सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणताहेत, "धाकट्या जावयानं लाज राखली." एवढंच मला हवं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि तो हात अजून माझ्या खांद्यावर पडला नव्हता.

अंगणात शिरलो तर ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत केळीची पानं अंथरून, वर गोधड्या घालून, घड पाठवतात तशा बंदोबस्तात नानांनी आपला भला मोठा रंगीत टीव्ही आणला होता. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर चढून ते बांबूला अँटेना बांधत होते आणि खाली अर्धी गल्ली माना वर करून उभी होती. त्यांनी मला पाहिलं आणि वरूनच ओरडले, "या मास्तर! तुमीबी टीव्ही आना का? भलतं चांगलं व्हयनं!" त्यांना खरोखर आनंद झाला होता, ह्याचा मला अधिक राग आला. माझा टीव्ही धान्याच्या कोठीवर ठेवण्यात आला. थोड्या वेळाने त्यावर कोणीतरी पापडांची चाळणी ठेवली.

रविवारी सकाळी ओटीवर माणूस मावेना. पत्ते टाकून पुरुष आले, झोके सोडून बायका आल्या. कप्तानाने सलाम केला, नानांनी उभं राहून तो परत केला, आणि त्यांच्यामागे आबाही उठून उभे राहिले. तोंडावर माशी बसली तर ती उडवायला हात न हलवणारे आमचे आबा! आणि गोष्ट ऐन रंगात आली असताना फट्‌कन वीज गेली.

जो हाहाकार झाला तो मला सांगता यायचा नाही. मी मात्र शांतपणे उठलो, पापडांची चाळणी बाजूला केली आणि म्हणालो, "माझा टीव्ही बॅटरीवर चालतो." त्या वाक्यानंतर जी शांतता पसरली तिच्यासारखी शांतता माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही. सगळी ओटी माझ्याकडे बघत होती. मग आबा म्हणाले, "बॅटरी कोठे शे?" बॅटरी माझ्याकडे नव्हती. नाना तोवर अंगणात पोचून ट्रॅक्टरची बॅटरी सोडवत होते. वायरी जोडल्या, पडदा उजळला, आणि सासूबाई गहिवरून म्हणाल्या, "नानास्नी बॅटरी व्हती म्हनीसन बरं!" टीव्ही कोणाचा होता हे मी दोनदा मोठ्याने सांगितलं. गप्प बसा, ऐकू येत नाही, असं मला सांगण्यात आलं.

शेवट असा होता. यान एका तांबड्या, कोरड्या ग्रहावर उतरलेलं. तिथे थेंबभर पाणी नाही. यान परत उडवायचं तर एकाने बाहेर राहून कळ दाबायला हवी. तरुण मंडळी आपसांत वाद घालत असताना म्हातारा कप्तान मुकाट्याने बाहेर उतरतो, दार लावून घेतो आणि कळ दाबतो. यान वर जातं. खाली तो एकटा, लहान लहान होत जाणारा, सलाम करत उभा. आणि वर अक्षरं आली, पहिलं पर्व समाप्त.

मग एकदम सगळे बोलू लागले. सासूबाईंनी यानातल्या तरुण वैमानिकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेजारचे एक आप्पा म्हणाले, दिल्लीला जाऊन विचारलं पाहिजे. अक्का पदराने डोळे पुसत आत निघून गेल्या. आबा माझ्याकडे वळले. होय, माझ्याकडे! "मास्तर, तठे पानी सापडी का?" नऊ वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला मोठा प्रश्न. मी घसा साफ केला आणि वातावरण, तापमान, बाष्पीभवन असं सगळं नीट समजावून शेवटी सांगितलं की नाही, पाणी सापडणं शक्य नाही आणि कप्तान फार तर दोन दिवस काढेल. आबांचा चेहरा असा उतरला की मला माझी पदवी परत करावीशी वाटली. नाना हळूच म्हणाले, "आबा, त्याना हातमा पहार व्हती. मी बराबर दखी. पहारवाला मानूस हीर खनी लेई." विहीर खणून घेईल, म्हणे! कप्तानाच्या हातात पहार नव्हती, यंत्राचा दांडा होता. पण ओटीवरच्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आबांचा हात पडला तो नानांच्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी आखाजी. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी मातीची नवी घागर पाण्याने भरतात, वर खरबूज, म्हणजे आमचं डांगर, आणि आंबे ठेवतात, आणि घरातला कर्ता पुरुष उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेका पूर्वजाचं नाव घेतो. आबांनी वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, लहानपणी गेलेल्या भावाचं घेतलं. बोटं पुसायला त्यांनी हात मागे घेतला तेव्हा नाना त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. इस्त्रीचा सदरा घातलेला.

"आबा, आखो एक."

"कोना नावनं?"

"कप्तानना." नाना हसत नव्हते. त्यांच्या तोंडावर हसू नसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "त्याले पोर ना सोर. आज बठ्ठा जन पानी भरतस. त्याले कोन देई?"

मला हे असह्य झालं. मी म्हणालो, "नाना, अहो, तो मेला असं कुठे दाखवलंय? दुसऱ्या पर्वात परत येईल तो. जिवंत माणसाच्या नावाने कुंकवाचं बोट ओढणार तुम्ही?" मुद्दा बिनतोड होता. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "उना ते भलं, मास्तर. पन तवलग तिसा ऱ्हाई ना तो." आला तर बरंच, पण तहानलेला राहील ना, तोवर.

आबांचं कुंकवाचं बोट न पुसता तसंच थांबलेलं. आतल्या दाराशी अक्का उभ्या होत्या, आणि त्या नानांच्या पाठीकडे ज्या तऱ्हेने बघत होत्या ते पाहून मी पुढचे मुद्दे सोडून दिले. ते बोलणं एकट्या कप्तानाबद्दल नव्हतं, हे उंबरठ्याशी बसलेल्या सगळ्यांना कळलं होतं. शेवटी सासूबाईंनी तोड काढली. "बोट वढू नका. नुसती घागर भरा. पानी जित्ता मानूसलेबी चालस."

पण जादा घागर कुठे होती? तर होती. धुळ्याला उन्हाळ्यात गार पाणी प्यावं म्हणून मी आदल्या दिवशी कुंभाराकडून एक निवडून, वाजवून घेतली होती. माझ्या बायकोने मला न विचारता ती आतून आणून नानांच्या हातात दिली. नानांनी ती भरली, वर डांगर ठेवलं, मागे सरून सलाम केला. अख्खं धरणगाव पुढे वर्षभर नानांनी भरलेल्या घागरीविषयी बोलत होतं. घागर माझी होती.

दुसरं पर्व कधी आलंच नाही. का आलं नाही कोणास ठाऊक. नाना मात्र दर आखाजीला कप्तानाची घागर भरत राहिले. आबा गेले. मग काही वर्षांनी, हसतहसत जळगावच्या दवाखान्यात दाखल झालेले नाना परत आले नाहीत. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा बायको बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही महत्त्वाचं सांगतील. ते म्हणाले, "मास्तर, तुमना टीव्ही व्हता म्हनीसन बठ्ठं दखाले भेटनं." माझा टीव्ही होता म्हणून सगळं बघायला मिळालं, हे ऐकायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. नानांचं हे असं असायचं.

त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला बायकोने धुळ्याच्या आमच्या घरात एक घागर जास्त मांडली. मी म्हणालो, साडूसाठी घागर भरायची रीत कुठेच नाही. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग मीच खाली बसलो, पाणी ओतलं आणि उंबरठ्यावर त्यांच्या नावाचं बोट ओढलं. माझ्या वडिलांच्या घागरीवर बेताचं डांगर होतं. नानांच्या घागरीवर तिने बाजार धुंडाळून आणलेलं, सगळ्यांत मोठं आणि घमघमणारं ठेवलं. मी विचारलं, "माझ्या घागरीवर ठेवशील का असं?" ती म्हणाली, "आधी जा तर खरं." आणि डोळे पुसू लागली, ते अर्थातच माझ्यासाठी नव्हतं.

दरवर्षी शेजारी कप्तानाची एक धाकटी घागरही ठेवतो, बिनबोटाची. यानाचे जुने भाग कुठे लागले तरी नानांशिवाय मला ते बघवत नाहीत, माझा टीव्हीचा डबाही केव्हाच भंगारात गेला, पण ती भरल्यावर कोणी बघत नाही असं बघून मी एक सलाम करून घेतो. मला तो फारसा जमत नाही. दुसरं पर्व अजूनही येऊ शकतं. आणि एखाद्या आखाजीला तो म्हातारा कप्तान तहानलेला, धुळीने माखलेला आमच्या दारात येऊन उभा राहिलाच, तर मी भरलेलं पाणी घटाघटा पिऊन, तोंड पुसून तो मला पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, की नाना कुठे आहेत?