गोधडीचं फडकं आणि खोटा नंबर

ती गोष्ट अजून डोक्यातून गेलेली नाही. नोकरीची शेवटची वर्षं मी तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूर-इचोडा पट्ट्यात, हायवेलगतच्या एका ठाण्यात काढली. शिपाई म्हणून लागलो, एएसआय म्हणून बाहेर पडलो. शाळा दहावीपर्यंत, तीही रडतखडत. त्यामुळे इथं गोड भाषा सापडायची नाही. नावंही सापडायची नाहीत. माणसं अजून त्याच गावांत राहतात, आणि तपासातली नावं चावडीवर सांगायची नसतात हे मला पहिल्या साहेबांनी शिकवलं.

आमच्या ठाण्याचं रोजचं काम म्हणजे ट्रकची धडक, ढाब्यावरची मारामारी, बैलचोरी. सकाळी हजेरी, मग जनरल डायरी, मग समन्स वाटायला माणसं रवाना. अशा एका सकाळी एक बाई आल्या. पूर्वी अंगणवाडीत शिकवायच्या, आता गावातल्या बारा बायकांना घेऊन गोधड्या शिवायच्या.

"साहेब, आमचं दुकान बंद पाडलं."

"कुठं आहे दुकान? इचोड्यात?"

"मोबाइलमंदी."

डायरी लिहिणारा आमचा रायटर हसला. "बाई, मोबाइलच्या दुकानाला कुलूप कसं लावतेत?"

"तुमी हसून राह्यले भाऊ, अन् तिकडं बारा जणी सुया ठेवून बसल्या," बाई म्हणाल्या. रायटरनं मान खाली घातली.

मी त्यांना बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यांच्या गोधड्या एका ऑनलाइन बाजारातून थेट जर्मनीत विकल्या जायच्या. तिकडचा कायदा असा, की माल ज्या खोक्यात, कागदात गुंडाळून पाठवता, ते शेवटी तिथल्या कचऱ्यात जातं. त्या कचऱ्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. पाठवणारा आदिलाबादला बसलेला असला तरी. त्यानं तिथल्या यादीत नाव नोंदवायचं, गुंडाळण किती वजनाचं ते सांगायचं, ते उचलायचा खर्च भरायचा. मग नंबर मिळतो. नंबर नाही तर दुकान नाही.

मला तो कायदा आवडला. आमच्या हायवेच्या कडेला ढाब्यांचा कचरा पाहिला की वाटायचं, इकडंही आणा.

इचोड्यातल्या एका फॉर्म भरणाऱ्यानं बाईंना तसा नंबर काढून दिला होता. शिक्क्याचा छान कागद. आता बाजारवाले म्हणत होते, हा नंबर तुमचा नाहीच. फसवणूक झाली असेल तर पोलिसांचा कागद पंधरा दिवसांत दाखवा, नाहीतर खोटा नंबर देणारे म्हणून दुकान कायमचं बंद.

"माल गेला तर पुन्हा शिवू," बाई म्हणाल्या. "पण खोटारडी म्हणून नाव लागलं तर त्या बारा जणी माह्या दारात कायले येतीन?"

ठाण्याचे प्रमुख, आमचे एसआय साहेब तरुण, हुशार, पण कागद पाहून म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. मी चार दिवस मागून घेतले.

दुसऱ्याच दिवशी उटनूरकडून एका लाकडी खेळण्यांच्या व्यापाऱ्याचा फोन आला. इचोड्याच्या बाजारातून गोष्ट पसरली होती. "साब, मेरे कागज पे भी वही नंबर है. हुबहू वही."

फॉर्मवाल्याला ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन. घाबरलेला अजिबात नाही. माझा अनुभव असा, की निरपराध माणूससुद्धा ठाण्यात आला की घाबरून पाणी मागतो. यानं चहा मागितला.

"सर, नंबर टाइप करताना चूक झाली असंल," तो म्हणाला. "पण खरी गोष्ट अशी की ह्या बायकांनीच चुकीची माहिती दिली. हे पाहा, त्यांचं सहीचं घोषणापत्र."

खरंच कागद होता. दर गोधडीमागे एक प्लास्टिकची पन्नी, एक खोकं, दोन्हींचं वजन, खाली बाईंची सही. मी बाईंना विचारलं, "सही तुमचीच?"

"माह्यीच. पण तवा कागद कोरा होता."

"कोऱ्या कागदावर सही काऊन केली?"

"साहेब, आमच्याकडं तहसीलीपासून बँकेपर्यंत सारे हेच म्हणतेत. तुमी सही द्या, बाकी आमी भरतो."

आम्ही पंचांच्या सह्या कशा घेतो ते मला माहीत होतं. फॉर्मवाला गालात हसला. एसआय साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. अर्थ स्पष्ट होता: सोडून द्या.

दुपारी जेवायला घरी गेलो. क्वार्टर ठाण्यामागेच. बायकोनं ज्वारीची भाकर वाढली आणि माझं तोंड पाहून विचारलं, "कोन मेलं?"

मी सगळं सांगितलं. एरवी घरी केस सांगायची नाही हा माझा नियम. त्या दिवशी मोडला. ती ऐकत होती. पन्नीचं नाव निघालं तसा तिचा हात थांबला.

"गोधडी अन् पन्नीत? काहून खोटं बोलून राह्यले तुमी?"

"मी नाही, तो बोलतो."

"मंग तो गोधडीच्या घरचा नाही. कापसाची गोधडी पन्नीत कोंडली का घाम धरते, कुबट वास मारते. अवो, ज्या लुगड्याची गोधडी, त्याच लुगड्याच्या फडक्यात बांधून देतेत. गोधडी फाटली का त्याच फडक्याचं ठिगळ लागते. तुमच्या आईनं मले तशीच देल्ली होती. तीस वरसं पांघरली, बांधली कशात होती ते नाही पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. अर्धी भाकर ताटात टाकून उठलो. मागून ओरडली, "जेवून जा, तो कुठं पळून नाही चालला!"

पण मी गेलो. फॉर्मवाल्याला पुन्हा समोर बसवलं आणि आवाज खाली ठेवला. मोठ्या आवाजाला माणूस सावध होतो.

"बायकांनी वजन सांगितलं, का तू तोललं?"

"मी स्वतः गेलो होतो सर. माझ्यासमोर तोललं."

"कशात घातली गोधडी?"

"पन्नीत. मग खोक्यात."

"पन्नी तू पाहिली?"

"हो सर. पांढरी. डोळ्यांनी पाहिली."

हे सगळं रायटरकडून शब्दाला शब्द लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं, मग सही घेतली. भरलेल्या कागदावर. मग दुकान बंद झाल्यानं पार्सल कचेरीत अडकून पडलेली बाईंची खोकी ठाण्यात आणवली. तक्रारीच्या कितीतरी आधी बंद केलेली, वर तारखेसकट पावतीची चिठ्ठी तशीच. पंचांसमोर एकेक उघडलं. पहिल्यात हिरव्या लुगड्याची गोधडी, हिरव्याच फडक्यात, सुतळीनं बांधलेली. दुसऱ्यात जांभळी, जांभळ्या फडक्यात. सगळी खोकी उघडली. पन्नीचा एक तुकडा निघाला नाही.

मी फॉर्मवाल्याला म्हटलं, "दाखव बाबा, तुझी पांढरी पन्नी."

तो फडक्याकडं बघत राहिला. मग त्यानं पाणी मागितलं.

पुढचं सोपं होतं. तो गावात गेलाच नव्हता. कुणाच्या तरी खऱ्या कागदावरचा नंबर उचलून त्यानं एकच साचा केला होता, आणि गोधडी असो की लाकडी बैल, सगळ्यांना तोच चिकटवला होता. कॉम्प्युटर जप्त केला, त्यात सगळ्यांचे कागद सापडले. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत बाईंच्या हातात दिली तेव्हा मुदतीचे दोन दिवस बाकी होते.

खरा नंबर काढायला बसलो तेव्हा कळलं, की ती नोंदणी ज्याची त्यानंच करायची असते, दुसऱ्याच्या हातून नाही. बाईंनी किराणा दुकानाच्या काट्यावर खोकं, फडकं, सुतळी वेगवेगळं तोललं. स्वतःचं नाव स्वतः टाइप केलं, एका बोटानं. दुकान उघडलं. रायटरनं पेढे मागितले तर बाई म्हणाल्या, "मोबाइलमंदी पाठवते भाऊ, कुलूप खोलून घ्या."

मला वरून प्रशंसापत्र आलं. "सूक्ष्म निरीक्षणाबद्दल." बायकोनं ते दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "याच्यात माह्यं नाव कुठं हाय?"

"केस डायरीत बायकोचं नाव लिहीत नसतात," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला गेली. हसत होती की नव्हती, पाठ होती म्हणून दिसलं नाही. डायरीत मी लिहिलं होतं, "तपासात असे निष्पन्न झाले की." पोलिसाची ही युक्ती जुनी आहे. निष्पन्न कुणामुळं झालं ते लिहायचं नाही.

बायको जाऊन दोन वर्षं झाली. माझ्या आईनं दिलेल्या गोधडीला तिनं लावलेली ठिगळं मी आता मोजतो. पाहायला हवं होतं तेव्हा पाहिलं नाही.

या केसनं मला काय शिकवलं, तर एवढंच. आपण जे जगात सोडतो त्यावर आपलं नाव असावं, आणि जे दुसऱ्याचं आहे त्यावर आपलं नसावं. तो फॉर्मवाला दुसऱ्याचा नंबर चिकटवून आत गेला. मी दुसऱ्याची अक्कल माझ्या नावावर चढवली आणि मला प्रशंसापत्र मिळालं.

नोंद ज्याची त्यानं करावी हे खरं. पण तिला आता करता येत नाही, म्हणून मी करतो. सुरुवातीला म्हटलं होतं, कुणाचं नाव लिहिणार नाही. एक लिहितो. शेवंता. पन्नीची गोष्ट तिनं सांगितली होती.