सांभाळायला दिलेला पाळणा

मी तळेगावच्या कारखान्यात होतो तेव्हा, सत्तरच्या दशकात, सकाळच्या लोणावळ्याच्या गाडीत एक कामगार कासारवाडीला चढायचा. अंगात कंपनीचा खाकी शर्ट, आणि बोटांचा बाकावर सतत ठेका. जयंतीसाठी, लग्नासाठी, बारशासाठी तो गाणी रचायचा. ती इतकी झाली की त्यालाच आठवेनात. मग एकेक गाणं तो आम्हा प्रवाशांना पाठ करायला देऊ लागला. "कागद हरवतो राव, तुमी तर रोज गाडीला येता," म्हणायचा.

माझ्याकडे एक पाळणा होता. एका सकाळी तो माझी उजळणी घेत असताना समोरची भाजीवाली म्हणाली, "ह्यो तर माज्या आईचा पाळणा!" आणि तिने पुढची दोन कडवी म्हटली. ती मी कधी ऐकलीच नव्हती.

त्याची बोटं थांबली. "माजी आय बी कायतरी गायची," तो पुटपुटला. "मी रचला का मला आठवला, कळंना."

चिंचवड गेलं, आकुर्डी गेलं.

मग त्याने विचारलं, "मावशी, बाळाचा बाप रातपाळीला गेला, ते कडवं हाय का तुमच्यात?"

"न्हाई बा. आमच्या गावात कुठली कंपनी?"

"मग तेवढं माजं. शिकून घ्या."

ती शिकलीसुद्धा. तळेगाव आलं तसा तो मला म्हणाला, "आता समदाच पाळणा म्हणत जावा. कुनी इचारलं कुनाचा, तर..."

गाडी थांबली. मी उतरलो, तरी त्याला पुढचं सुचलं नव्हतं.