मिठाच्या पाण्याचे पाच घट

शुद्ध मराठीच्या हट्टापायी मी ‘बॅटरी’ हा शब्द टाळला. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत विज्ञानाचा तास मी भांडून मिळवला होता. पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘या रविवारी मुलांकडून घट बसवून घेणार आहे. सामान आणावे.’ मला विद्युतघट म्हणायचं होतं. सामानाची यादी जोडायची राहिली, आणि नवरात्र चार दिवसांवर आलंय याचं मला भानच नव्हतं.

पालक आले ते तांब्याचे कलश, नारळ, माती आणि गहू घेऊन. मला हवे होते रिकामे कॅन आणि बार्बेक्यूचा उरलेला कोळसा. ते कुणीच आणलं नव्हतं. माझ्या पिशवीत टेकअवेचे धुतलेले अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे, बिघडलेल्या चार्जरच्या वायरी आणि सायकलच्या मोडक्या मागच्या दिव्यातला लाल एलईडी, एवढंच.

“वा! विज्ञानाच्या तासाला घटस्थापना!” शाळेच्या समितीतले काका हसले. “तुझी पत्रकं काय म्हणतील गं?”

मला ते लागलं. नागपूरला आईबाबांनी छापलेली बुवाबाजीविरुद्धची, शिवाशिवीविरुद्धची पत्रकं दारोदार वाटता वाटता मी वाचायला शिकले. शिवाय काकांनी आधीच बजावलं होतं, आज दिवा लागला नाही तर हा तास डान्सच्या सरावाला.

चिडून कलशांकडे पाहत होते आणि एकदम सुचलं, अरे, हे तर तांबं! कोळसा कशाला हवा? मुलांनी पाच कलशांत मिठाचं पाणी भरलं. ट्रेच्या पट्ट्या कापून, तांब्याला टेकणार नाहीत अशा बेतानं काड्यांवरून पाण्यात सोडल्या. एका कलशाचं तांबं वायरीनं पुढच्या कलशातल्या पट्टीला जोडलं, आणि उरलेल्या दोन टोकांना एलईडी. कार्पेटवर पाणी नको म्हणून मी पाचही कलश एका मोठ्या स्टीलच्या ताटात मांडले.

दिवा लागेना. वायरी उलटसुलट करून पाहिल्या, तरी नाही.

“देवी कोपली वाटतं,” काका म्हणाले. दोनचार पालक हसले.

सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या एक काकू मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “घट एकमेकांना शिवू देऊ नकोस गं.”

माझं डोकंच फिरलं. “काकू, शिवाशिव या वर्गात चालणार नाही!”

काकू मात्र शांत होत्या. “सोवळ्याचं नाही म्हणत मी. ते ताट स्टीलचं ना? त्यातून पाची तांबी जोडली गेलीत. शॉर्ट होतंय ते. टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये सगळी नोकरी काढलीय मी.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. प्रत्येक कलश वेगळ्या कोरड्या कागदी डिशवर ठेवला.

“दिवा लागली!” एक मुलगी किंचाळली. तिची व्याकरणाची चूक सुधारण्याचं मला सुचलंसुद्धा नाही.

काकांनी स्वतः जाऊन हॉलचे दिवे बंद केले. ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका. समीकरण मला पाठ होतं, फळ्यावर कितीदा लिहिलंही होतं, तरी अंगावर काटा आला. काल ज्यातून बिर्याणी आली त्या ट्रेमध्ये, चिमूटभर मिठात हे दडून होतं. त्याला भिंतीतलं सॉकेट नको होतं, कुणाची परवानगी नको होती. एरवी क्षणभर न थांबणारी मुलं श्वास रोखून उभी होती. आणि माझी नजर सारखी काकूंकडे जात होती. तीन महिने त्या त्याच खुर्चीवर बसत होत्या, आणि मी त्यांना चहाशिवाय काही विचारलं नव्हतं.

“किती वेळ चालेल हे?” काका हळूच म्हणाले.

“पट्टी झिजेपर्यंत,” काकू म्हणाल्या. “ही खाल्ली जाते, तेव्हा तो पेटतो.”

काकांनी गुडघे टेकून कलशात डोकावलं. “डान्सवाल्यांना दुसरी वेळ देतो,” ते म्हणाले. “काकू, पुढे या ना. खाल्ली जाते म्हणजे नेमकं काय होतं?”

मी खडू काकूंच्या हातात दिला आणि मुलांमध्ये जाऊन बसले.