आइस्क्रीमचा धडा आणि खारा रांजण

अन्याय झाला तो दुसरीतल्या एका मुलीवर. कधी, तेही सांगतो. लातूर जिल्हा वेगळा झाला त्यानंतरच्या पहिल्या दुष्काळी उन्हाळ्यात, एका सोमवारी, सकाळच्या शाळेत, साडेदहाची घंटा होऊन पाच मिनिटांनी. पाहुण्यांनी पाण्याचा पहिला घोट थुंकला, ती ही वेळ.

जिल्हा व्हावा म्हणून पत्रकं लिहिणाऱ्यांत मीही होतो. ‘जिल्हा झाला की पाणी येईल’ हे वाक्य माझं आहे, ठळक अक्षरांत आहे, आणि ते लिहिताना मला जराही लाज वाटली नव्हती. जिल्हा झाला. पाणी आलं नाही, पाहणीला साहेब पाहुणे यायला लागले. उस्मानाबादेहून आमच्या गावाकडं कुणी फिरकत नसे. ती केवढी सोय होती, हे आम्हाला लातूर जवळ आल्यावर कळलं.

त्या वर्षी मी गावच्या शाळेत एका रजेवरच्या बाईंच्या जागी तात्पुरता शिकवत होतो. पाहुण्यांना ‘कृतीतून शिक्षण’ आवडतं, अशी खबर हेडमास्तरांनी कुठून तरी काढली. कॉलेजच्या सुट्ट्यांत नांदेडला एका आइस्क्रीमवाल्याच्या गाड्यावर मी पॉट फिरवायचो, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “तुम्ही पोरांना आइस्क्रीम कसं बनतं ते दाखवायचं. साहेब आले की गारेगार वाटी पुढं.”

मी म्हणालो, “गुरुजी, गावात टँकर आठवड्याला दोनदा येतोय. प्यायला पाणी न्हाई अन् बर्फ?”

“बर्फ लातूरहून येतोय की. आपलं पाणी कुठं लागतंय त्याला?”

या माणसाची प्रतिभा अशी. पण मी नाही म्हणालो नाही. आपल्याला काहीतरी येतं, ते चारचौघांत दाखवायला मिळतंय, एवढ्यावर मी विकला गेलो.

सोमवारी भुशात आणि पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी पहिल्या एसटीनं आली. दूध आदल्या संध्याकाळीच आटवून ठेवलं होतं. ते हेडमास्तरांनी घरोघर फिरून गोळा केलं होतं, आणि तेही कुणाच्या घरून, तर ज्यांची जनावरं कडब्यावाचून हाडांवर आली होती त्यांच्या. मी लाकडी बादलीत पत्र्याचा डबा बसवला, भोवती फोडलेला बर्फ भरला, वरून जाड मीठ पसरलं. पोरं गोल करून बसली. मी सांगितलं, नुसत्या बर्फानं दूध गोठत नाही. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळतो, आणि वितळताना डब्यातल्या दुधाची ऊब ओढून घेतो. प्रत्येकानं वीस फेरे दांडा फिरवायचा.

“हे म्हंजी रहाटच की, गुर्जी,” एक पोरगा म्हणाला.

“तुज्या बापाच्या हिरीला पाणी न्हाई, फिरव हितंच,” दुसरा म्हणाला, आणि सगळी हसली.

धडा चांगला चालला होता, हे मान्य करतो. मग बादली भरत आली तसं मी तिच्या कडेचं बूच काढलं. वितळलेलं पाणी धार धरून मातीत पडायला लागलं.

पोरांचे चेहरे बदलले. आमच्याकडं वाहतं पाणी दिसलं की हात आपोआप भांडं शोधतो. न्हाणाच्या पाण्याखाली परात, भांडी विसळलेलं पाणी म्हशीला. शाळेत तर रोज प्रार्थनेनंतर हेडमास्तर वदवून घ्यायचे, ‘थेंब वाया घालवणार नाही.’

“गुर्जी, पाणी वाया जालालंय,” ती दुसरीतली मुलगी म्हणाली.

“जाऊ दे,” मी म्हणालो. ते खारट आहे, पिता येत नाही, हे सांगितलं नाही. मीठ मी त्यांच्या डोळ्यांदेखत टाकलं होतं, एवढं त्यांना कळेलच, असं मला वाटलं. सात वर्षांच्या पोरांना.

तिनं शाळेचा तांब्या आणून धारेखाली धरला. भरला की जायची, परत यायची. मला गंमत वाटली. ती तांब्या कुठं रिकामा करत होती ते मी वळूनही पाहिलं नाही. ओसरीतल्या रांजणात करत होती. आदल्या दिवशी टँकरनं भरलेला तो रांजण गुरुवारपर्यंत पुरवायचा होता.

पाहुणे आले, जीपमधून उतरले, खुर्च्यांवर बसले. वाट्या त्यांच्याकडं गेल्या. पोरांसाठी डब्याच्या तळाला जे राहिलं ते बोटानं चाटण्यापुरतं होतं. खाऊन झाल्यावर पाहुण्यांनी पाणी मागितलं. हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं रांजणातून पेला भरला. घोट तोंडात गेला आणि तसाच बाहेर आला.

पाहुणे रागावले नाहीत. त्यांनी जीपमधून थर्मास मागवला, तोंड धुतलं, उरलेलं पाणी अंगणात ओतलं आणि निघून गेले. रागवायचं काम हेडमास्तरांनी अंगावर घेतलं.

“रांजणात कुणी काय टाकलं?”

तिनं हात वर केला. ताठ वर. तिला वाटलं होतं, शाबासकी मिळणार आहे.

“गुर्जी, मी. आठ तांबे.”

मी उठलो आणि म्हणालो, चूक माझी आहे. हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही बसा, पत्रकवाले.” हुकूम झाला: रांजण पुन्हा भरेपर्यंत तिनं घरून रोज एक घागर आणायची. तिची माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाते. घरात घागरी दोन. मुलगी शाळेऐवजी टँकरच्या रांगेत उभी राहायला लागली. पुढं लाजेनं यायचीच थांबली, आणि गैरहजर म्हणून हेडमास्तरांनी पटावरून तिचं नाव कमी केलं. माफीनामा दिला तर नाव पुन्हा चढवू, म्हणाले.

माय माझ्याकडं आली. “लिवा की गुर्जी, मी अंगठा देते. त्यात काय हाय?”

मी लिहिलं नाही. ज्याची चूक नाही त्यानं माफी मागायची नाही, असं तिला सुनावलं. ती उठून गेली. मी माझ्या नावानं माफीनामा लिहून नेला, तो हेडमास्तरांनी परत केला. “तुमचं नाव पटावर न्हाई,” म्हणाले. जिल्हा मागणाऱ्या आमच्या समितीतल्या शहाण्यांकडं गेलो, तर ते म्हणाले, नव्या जिल्ह्याची बदनामी कशाला करालास. एका पोरीपायी जिल्हा बदनाम होतो, इतका तो पोकळ आहे.

ती आता आठ वर्षांची आहे, आणि शाळा भरते तेव्हा रांगेत असते. माझं तत्त्व शाबूत आहे, तिचं वर्ष गेलं.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक याच जिल्ह्यातले, जिल्हा झाला तेव्हा गुलाल लावलेले. हळहळ नको. येत्या सोमवारी सकाळी त्या शाळेत माझ्याबरोबर या, आणि माफीनाम्याशिवाय पटावर तिचं नाव चढेपर्यंत हेडमास्तरांच्या टेबलासमोरून हलू नका. येणार नसाल तर का येणार नाही, ते कागदावर लिहा आणि खाली सही करा.